पप्पांच्या मागे पडणारा सूर

पप्पांना जाऊन वर्ष होत होतं; त्या दिवशीच्या लादीनीला, म्हणजे घरातल्या क्रुसापुढे सगळ्यांनी मिळून गायच्या प्रार्थनेला, त्यांचाच आवाज लावायचा असं मायने ठरवलं. दुखणं कळायच्या आधी त्यांनी एक स्तोत्र मोबाइलवर एकट्यानेच गाऊन ठेवलं होतं. पहिला सूर नेहमी त्यांचा आणि दुसरा माझा. दुसऱ्या सुराशिवाय मायला ते अर्धंच वाटायचं, म्हणून माझा आवाज त्याला जोडायचा होता.

त्यांचा आवाज लॅपटॉपवर घेतला, पंखा बंद केला, खिडकी लावली आणि बिनवायरच्या इअरफोनवर ऐकत मी गायले. दोन्ही आवाज एकत्र लावले तर प्रत्येक ओळीला मी मागे. पुन्हा गायले, पुन्हा मागेच.

“पाठसून कित्याक येतंस गो?” माय दारातून म्हणाली. “पप्पा आसते तर टपली घातली आसती.”

ते गेल्यापासून मी गायलेच नव्हते. कान गेला की काय? त्यांच्याबरोबर गाणं आता मला कधीच जमणार नाही का? या भीतीने मी ओळ ऐकू येण्याआधीच सुरू करू लागले. मग सूरही जुळेना.

शेवटी गोव्यात बँडमध्ये वाजवणाऱ्या भावाला फोन केला.

“कानात काय घातलंस? वायरीचो काय बिनवायरीचो?”

“बिनवायरीचो.”

“मगे झाला! पप्पांचो आवाज तुझ्या कानाक पोचता तोच उशिरा. तेका धरून तू गातंस. रडतंस कित्याक?”

“रडत नाय मी.”

“मगे नाक कित्याक वाजता?”

त्याने सांगितलं तसं मी ठोक्याचा आवाज लावला, इअरफोन माइकला टेकवला आणि तो पुन्हा रेकॉर्ड केला. पडद्यावर रेकॉर्ड झालेला ठोका मूळ ठोक्याच्या मागे होता, दर वेळी तेवढाच. माझी चूक इतकी एकसारखी नसती. वायरचा हेडफोन लावल्यावर अंतर अगदी थोडं उरलं. कॉम्प्युटर आवाज थोडाथोडा साठवून पुढे देतो, त्यातला तो वेळ. पुन्हा गायले आणि माझा आवाज तेवढाच आधी सरकवला. ओळी जुळल्या.

फक्त तिसऱ्या ओळीनंतर पुढच्या ओळीवर मी त्यांच्या आधी पोचत होते.

“थंय पप्पा दम घेयत,” माय म्हणाली. “तेंच्यासाठी थांबूक व्हया.”

त्यांच्या श्वासाची ती फट कापून टाकता आली असती. मी ती तशीच ठेवली, पुन्हा गायले आणि त्या जागी थांबले. रेकॉर्डिंगच ते, पुढची ओळ येणारच होती. तरी ती येईपर्यंत मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला होता.