शेवटच्या बाकाजवळून शिकवताना

तुमच्या वर्गात दोन शिक्षिका एकत्र शिकवतात, हे तुम्ही फोनवर अगदी सहज सांगितलंत. आमच्याकडे ते तितकं सहज नव्हतं. क्रमाने लिहिते.

भूकंपानंतरची वर्षं. लातूरच्या एका शाळेत मी सातवीला इंग्रजी शिकवत होते. गल्लोगल्ली शिकवण्यांच्या पाट्या लागत होत्या आणि शाळेनेही त्या हवेत एक रीत पाडली होती. शनिवारच्या चाचणीत ज्याला जास्त गुण, त्याने सोमवारपासून पुढच्या बाकावर बसायचं. बाजारात भेटलेले पालकसुद्धा मुलांना आधी बाकच विचारत.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. जन्मापासून तिला फार कमी ऐकू येई. गळ्यात श्रवणयंत्राची डबी, आईने शिवलेल्या खणाच्या पिशवीत. समोरच्याचे ओठ पाहून ती बोलणं समजून घेई. तिच्यासाठी एक दिवसाआड एक विशेष शिक्षिका येत. देगलूरच्या, माझ्याहून बऱ्याच लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलीला पुढच्या बाकावर बसवलं.

जिची जागा गेली तिचे वडील दुसऱ्या दिवशी दारात उभे. “बाई, शर्यतीचं घोडं गाडीच्या बैलासंगं जुपता का?”

मुख्याध्यापकांनी मुलीला गुणांप्रमाणे शेवटच्या बाकावर पाठवलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी स्वतः तास बघेन, म्हणाले. तिला काही कळत नसेल तर तिने नांदेडच्या निवासी शाळेत जावं, तेच तिच्या भल्याचं. त्यांचं म्हणणं वाईट हेतूचं नव्हतं. पण भूकंपात त्या घरातल्या या मायलेकी दोघीच उरल्या होत्या. आई मला एवढंच म्हणाली, “ढिगाऱ्यातून काढलीय तिला. आता लांब न्हाई धाडायची.”



उपाय देगलूरच्या बाईंनी काढला. मुलांनी कुठे बसायचं याचा नियम आहे, शिक्षकांनी कुठे उभं राहायचं याचा नाही. म्हणून मी मागे, खिडकीशी उभी राहून बोलायचं आणि फळ्यावर त्यांनी लिहायचं. “मॅडम, तोंड उजेडाकडं ठेवा,” त्या म्हणाल्या. “तिला ओठ वाचता येत्यात, आन् तुम्हीबी देखण्या दिसताय.”

मला हसू आलं, पण काम कठीण होतं. इतकी वर्षं मी लिहिता लिहिता बोलत आले होते. आता खडू दुसरीच्या हातात. एक वाक्य बोलून थांबायचं, मुलीची नजर फळ्यावर जाऊन परत माझ्यावर येईपर्यंत पुढे जायचं नाही. पुढच्या बाकांवरची हुशार मुलं माना वळवून कंटाळत. पाठ्यक्रम मागे पडत होता. शेजारच्या वर्गाचा पुढचा धडा भिंतीपलीकडून ऐकू येई आणि माझा आवाज आपोआप घाईचा होई. मग त्या फळ्याजवळून तळहात खाली करून मला हळू घ्यायला सांगत.

ठरलेल्या शनिवारी मुख्याध्यापक आले. थोडा वेळ ऐकलं, मग उठून देगलूरच्या बाईंच्या हातून खडू घेतला. धड्यातला म्हातारा विहिरीवर परत का गेला, हा प्रश्न ते फळ्यावर चित्र काढत, पाठमोरे उभे राहून विचारू लागले. मुलीचं नाव घेतलं. तिला फक्त त्यांची पाठ दिसत होती. आम्ही मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी खिडकीचा गज घट्ट धरला.

सगळा वर्ग आपल्याकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं. ती उठली, बाकांमधून चालत थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली, “सर, माझ्याकडं बघून बोला.”

कुणी हसलं नाही. त्यांनी खडू खाली ठेवला आणि प्रश्न पुन्हा विचारला.

“रोप,” ती इंग्रजीत म्हणाली. दोर. म्हातारा तोच विहिरीवर विसरला होता. ते थांबले. पूर्ण वाक्य काही आलं नाही.

जाताना ते मला म्हणाले, “वार्षिक परीक्षेपर्यंत राहू द्या. मग बघू.”

आई फाटकाशी उभी होती. मी सांगितलं तसं तिने ऐकून घेतलं.

“म्हंजी अजून नक्की न्हाई.”

“नाही,” मी म्हणाले. खोटा धीर द्यायला जीभ वळली नाही.

तिने मुलीच्या गळ्यातली पिशवी सरळ केली. “मग सोमवारी लवकर आणून सोडते,” म्हणाली, आणि दोघी निघाल्या.