जावेच्या परसातला सौना

गेल्या रविवारी आमच्या चिंचणीत, धाकट्या दिरांच्या परसात सौना पेटला. त्याआधी महिनाभर मीच पेटलेली होते... खोटं कशाला सांगू!

सौना म्हणजे लाकडाची बंद खोली. तापलेल्या दगडांवर पाणी शिंपडायचं आणि वाफेत घाम गाळत बसायचं. दीर जहाजावर नोकरीला होते, तेव्हा कुठल्याशा थंड देशात पाहून आले. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावर नुसतं बसलं तरी तेच होतं, पण सुनंदाचे, म्हणजे माझ्या जावेचे, गुडघे दुखतात ना...

माझे गुडघे काय रबराचे आहेत?

बरं, लाकूड आमचं! आमची जुनी बोट मोडली तेव्हा तिच्या सागाच्या फळ्या ह्यांनी परसात ताडपत्रीखाली जपून ठेवल्या होत्या. चुलीला एक ढलपी मागितली तरी मिळायची नाही. "हात नको लावू गो, कामाला येतील." आल्या कामाला... जावेच्या.

रोज चहा झाला की हे रंधा घेऊन कुंपणापलीकडे. खिळे उपट, फळ्या तास, बाकडं ठोक. बोईसरच्या भंगारातून लोखंडी पिंप आणून त्याची शेगडी केली. मी जेवायला हाक मारली की उत्तर सुनंदाचं, "ताई, दादा इथंच जेवतायत, बोंबलाचं कालवण केलंय!" इकडे माझं कालवण मी एकटीच गिळायची.

हे समुद्रावर जात होते तेव्हा मी समजू शकत होते. आता बोट नाही, जाळं नाही, तरी माणूस घरात नाहीच... हे जास्त लागत होतं.

रविवारी नारळ फोडला. सुनंदा डोक्याला टॉवेल गुंडाळून ऐटीत आत गेली. मी दाराशी उभी, तोंडावर हसू चिकटवून. पाणी पडलं, वाफ उठली... आणि थोड्याच वेळात सुनंदा नाक दाबून बाहेर! "ई गं बाई, आत काय सुकी मासळी ठेवलीय का?"

फळ्यांना घाम फुटला होता. दर पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढली की लाकूड कुजू नये म्हणून आम्ही दोघं तिला माशाचं तेल चोपडायचो. वर्षानुवर्षं मुरलेलं ते तेल उष्णतेनं बाहेर आलं. आणि चोपडणाराच नेमका विसरला होता!

मला असा काही आनंद झाला म्हणता... पदर तोंडात कोंबावा लागला. मग ह्यांच्याकडे लक्ष गेलं. एका फळीवर हात ठेवून उभे होते, चेहरा पार उतरलेला. दीर म्हणाले, "दादा, फळ्या काढून टाकू या काय?"

मला काय झालं कोण जाणे. साडी खोचली आणि सरळ आत जाऊन बाकड्यावर बसले. "अहो, उभे काय? आत या. आणि दार लावा, वाफ जातेय."

आले. शेजारी बसले. वास होताच... पण ह्यांचे सदरे मी जन्मभर धुतले, त्या वासाचं मला काय! कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "तुला चालतंय?" मी म्हटलं, "मला नाय चालणार तर कोणाला? अर्धं तेल मीच चोपडलंय."

तेव्हा कुठे हसले. म्हणाले, "पडून सडत होत्या गो फळ्या, बघवत नव्हतं. म्हणून दिल्या." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? "तू चुलीत घातल्या असत्यास."

खरंच घातल्या असत्या...

आता दिरांनी तोडगा काढलाय. तापवून तापवून तेल निघेल म्हणे. "वैनी, आदी तुमी दोघं बसून घ्या, वास कमी झाला की मग आमी." त्यामुळे रोज संध्याकाळी पहिला नंबर आमचा. सुनंदा बाहेर टॉवेल घेऊन ताटकळत असते. "ताई, झालं का हो?"

मी आतून ओरडते, "नाय गं, अजून लय येतोय वास!"

तसा तो कालपासून जरा कमी झालाय... पण देवाकडे माझं एवढंच मागणं आहे, ते तेल इतक्यात संपू देऊ नकोस रे बाबा.