नणंदेच्या गाडीची काच

गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या त्या बाईला सगळे काचबाईच म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं. दोन शटरांचं लांबट वर्कशॉप होतं. डावीकडे तिचा नवरा इंजिनात डोकं घालून बसायचा आणि उजवीकडे हिचं राज्य. भिंतीला लावलेल्या लाकडी घोड्यांवर काचा उभ्या असायच्या आणि दोन काचांच्या मध्ये जुन्या ब्लँकेटचा तुकडा. हिच्या बाजूच्या फरशीवरून अनवाणी चाललात तरी पायात कण टोचणार नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची.

मुळात हे तिचं काम नव्हतं. त्याआधी नऊ वर्षं ती एका विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर होती. लोकांचे अर्ज वाचायचे, पॉलिसीतलं कलम शोधायचं आणि पत्र लिहायचं. बरीचशी पत्रं नकाराची. ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य तिच्या बोटांना इतकं पाठ झालं होतं की, एकदा भाचीला वाढदिवसाचं पत्र लिहिताना शेवटी तेच उमटलं. घरात सगळे पोट धरधरून हसले. तीही हसली, पण पुढे कितीतरी दिवस ते वाक्य तिला खुपत राहिलं. त्याच सुमाराला नवऱ्याकडचा काचा बसवणारा कारागीर दुसऱ्या गावी निघून गेला. जेवताना नवरा हळहळत होता, तेव्हा ही सहज म्हणाली, “मी शिकू का?”

नवरा घास हातात धरूनच म्हणाला, “शीक की.”

पहिल्या महिन्यात तिने तीन काचा फोडल्या आणि डाव्या अंगठ्याला पाच टाके घालून घेतले. चौथी काच मात्र खाचेत अशी जाऊन बसली की जणू तिथेच जन्मली होती. त्या दिवसापासून तिने मागे वळून पाहिलं नाही.

नाक मुरडलं ते एकट्या थोरल्या नणंदेने. वन्सं घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्स. शिस्तीच्या, स्वच्छ, आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर. “चांगली पंख्याखालची खुर्ची सोडून हात कापून घ्यायची हौस!” असं त्या चार माणसांत म्हणाल्या होत्या. त्याला सहा वर्षं झाली. घरी येणंजाणं होतं, पण वर्कशॉपची पायरी वन्संनी कधी चढली नव्हती.

म्हणून त्या सकाळी वन्संची निळी गाडी शटरसमोर येऊन थांबली, तेव्हा काचबाई हातातलं काम ठेवून उठली. गाडीच्या ड्रायव्हरच्या बाजूला काच नव्हतीच. तिथे चिकटपट्टीने चारी बाजूंनी घट्ट बसवलेला प्लास्टिकचा कागद होता, जखमेवरच्या ड्रेसिंगसारखा नीटनेटका.

“भाऊ कुठाय?” वन्संनी उतरताउतरता विचारलं.

“सुटे भाग आणायला गेलेत. पण काचेचं काम माझ्याकडेच असतं. या, बसा.”

वन्सं बसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून एक पत्र काढलं आणि काचबाईच्या हातात दिलं. “वाच. तुमच्या त्या विमावाल्यांची करामत.”

सहा वर्षांपूर्वीची नोकरी अजून ‘तुमची’ होती. काचबाईने ते मनावर घेतलं नाही. पत्र तिने एका नजरेत वाचलं. काच खाली घेत असताना फुटल्याचे आपण कळवले आहे. यांत्रिक बिघाडामुळे झालेले नुकसान पॉलिसीत समाविष्ट नाही. सबब आपला क्लेम मंजूर करता येत नाही. खाली दिलगिरी होतीच.

“काचेसाठी वेगळं संरक्षण घेतलंय मी, त्याचं पानही जोडलंय पॉलिसीला,” वन्सं तणतणल्या. “मग हे काय?”

“फोनवर नक्की काय सांगितलंत?”

“घडलं ते. मी एका आजोबांच्या घरासमोर गाडी लावली होती. त्यांची सून दारात उभी होती, तिच्याशी बोलायला मी बटण दाबलं. काच अर्ध्यात आली आणि खळ्ळकन फुटली. खोटं बोलू का?”

“खरंच सांगितलंत. पण तुम्हाला जेवढं दिसलं तेवढंच सांगितलंत.” काचबाई दाराशी उकिडवी बसली. “त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं? कसला आवाज?”

“आवाज कसला? ते गवत कापायचं मशीन कोकलत होतं रस्त्याच्या कडेला. त्यापायी तर सुनेचं बोलणं ऐकू येईना, म्हणून काच खाली घेतली.”

काचबाईने मान वर केली. खिशातलं भिंग काढून तिने दाराची बाहेरची कड पाहायला सुरुवात केली. काच जिथून खाली उतरते तिथे एक काळी रबरी पट्टी असते. त्या पट्टीच्या अगदी कडेला रंगाचा बारीकसा टवका उडाला होता. आतला पत्रा अजून चकाकत होता, गंज धरलेला नव्हता. टवका ताजा होता.

“काचेचे तुकडे कुठे उडाले?”

“माझ्या मांडीवर. आणि पलीकडच्या सीटवरसुद्धा.”

“ते आहेत का गाडीत?”

“मग काय उकिरडा ठेवायचा गाडीत? त्याच दिवशी कण न् कण व्हॅक्यूमने ओढून घेतला.”

काचबाईने कपाळाला हात लावला. पुरावा म्हणून जे काही होतं ते वन्संच्या स्वच्छतेने केव्हाच कचऱ्यात गेलं होतं. मग तिला एकदम सुचलं. “दाराचं आतलं पॅनल उघडलंत?”

“मी नर्स आहे, मेकॅनिक नाही.”

“सुटलो! म्हणजे दाराच्या पोकळीत पडलेलं सगळं अजून तिथेच असणार.” काचबाई हसून उठली. “वन्सं, काच तुमच्या बटणाने फुटलेली नाही. त्या मशीनखालून खडा उडाला आणि काचेवर बसला. तुम्ही त्याच क्षणी बटण दाबलंत, म्हणून तुम्हाला वाटलं की काच तुमच्या हातून गेली.”

वन्संनी आपल्या बोटाकडे पाहिलं. गेले दहा दिवस त्या मनातल्या मनात आपल्याच बोटाला दोष देत होत्या, हे काचबाईला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता आलं.

“मग उघड दार आणि काढ तो खडा,” त्या म्हणाल्या.

“मी उघडणार नाही. मी तुमची भावजय. आत काही सापडलं तर म्हणतील हिनेच टाकलं. त्यांचाच माणूस येऊ दे, आणि त्यानेच उघडू दे.”

तिने पॅनलच्या फटीवर कागदाच्या दोन पट्ट्या चिकटवल्या, त्यांवर वन्संची सही घेतली, तारीख घातली, टवक्याचे आणि पट्ट्यांचे फोटो काढले. मग टेबलाशी बसून पाच ओळींचा अर्ज लिहिला. त्यात ना तक्रारीचा सूर होता, ना विनवणीचा. मशीन कुठे चाललं होतं, टवका कुठे आहे, काचेचं काम भावजयीकडे आहे म्हणून दार बंद ठेवलं आहे, फेरतपासणी करावी. नऊ वर्षं पलीकडच्या बाजूला बसल्यामुळे तिला पक्कं माहीत होतं की कोणता अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो आणि कोणत्या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं.

“आणि आत काही नसलं तर?” वन्संनी विचारलं.

“तर यंत्रणा तपासू. तिच्यातच दोष निघाला, तर तेही तुमच्या तोंडावर सांगेन. पण तो टवका खोटं बोलत नाही.”

पुढचे चार दिवस वन्सं फडफडणारा प्लास्टिकचा कागद घेऊन पेशंटांच्या घरी फिरल्या आणि रोज फोन करून त्या फडफडीचा उद्धार करत राहिल्या. पाचव्या दिवशी दुपारी विमा कंपनीचा सर्व्हेअर वर्कशॉपात आला. उंच, पांढराशुभ्र शर्ट घातलेला, गॅरेजवाल्यांच्या सगळ्या हिकमती पाहून कंटाळलेला माणूस. त्याने पट्ट्यांवरची सही पाहिली, मग काचबाईकडे पाहिलं.

“तुमचं यांच्याशी नातं आहे असं अर्जात लिहिलंय.”

“या माझ्या नणंदबाई. म्हणून स्क्रूड्रायव्हर तुम्ही धरा, साहेब.”

“मी?”

“मी हात लावला तर तुमच्या रिपोर्टला अर्थ काय राहील?” तिने त्याच्यापुढे स्वतःचा ॲप्रन धरला. शर्टाकडे एकवार बघून त्याने तो निमूट बांधला.

काचबाई दोन हात लांब उभी राहिली आणि सांगत गेली. हँडलच्या खोबणीतलं छोटं झाकण काढा, त्यामागे एक स्क्रू आहे. दुसरा खाली, कोपऱ्यात. आता पॅनल खालच्या बाजूने ओढा, घाबरू नका, टकटक आवाज होईल, त्या क्लिपा आहेत. सर्व्हेअरला घाम फुटला, पण पॅनल अखंड निघालं. दाराचं पोकळ पोट उघडं पडलं.

“आता बटण दाबा.”

काच धरणारी पकड रुळावरून सरसर खाली गेली आणि तशीच वर आली. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा.

“अडकतंय?”

“नाही.”

“घासल्याचा आवाज?”

“नाही,” सर्व्हेअर म्हणाला. “पण तेवढ्याने क्लेम होत नाही, बाई. काच ताणाने आपोआपही फुटते कधीकधी. मी पाहिलंय.”

“मीही पाहिलंय. तुमचं बरोबर आहे.” काचबाईने अजिबात आवाज चढवला नाही. “म्हणून तळ बघा.”

दाराच्या तळाशी काचेचे साखरेच्या खड्यांसारखे तुकडे साचले होते. ते काढून ठेवायला ती डबा शोधू लागली, तोच वन्सं पुढे झाल्या आणि आपल्या बॅगेतला स्टीलचा चकचकीत ट्रे त्यांनी सर्व्हेअरपुढे ठेवला. त्याने पळीने पहिली खेप काढली. नुसती काच. दुसरी खेपही नुसती काच. तिसरीही तशीच निघाली, तेव्हा काचबाई ट्रेवर वाकली. टवका खोटं बोलत नाही असं ती तोऱ्यात म्हणाली होती खरी, पण खडा आत पडला असेल की गाडीत पडून व्हॅक्यूममध्ये गेला असेल, हे टवका सांगू शकत नव्हता.

चौथी खेप ट्रेमध्ये पडली तेव्हा ‘टण्ण’ असा वेगळाच आवाज आला. काचेचे तुकडे असे वाजत नाहीत. वन्संनी बॅगेतून चिमटा काढून सर्व्हेअरच्या हातात दिला. त्याने तुकडे बाजूला सारले आणि वाटाण्याएवढा एक राखाडी खडा वर उचलला. त्याची एक बाजू ताजी फुटून पांढरी पडली होती, आणि त्या पांढऱ्या बाजूला गाडीच्या निळ्या रंगाची एक बारीक रेघ होती.

सर्व्हेअरने खडा टवक्याजवळ नेऊन धरला, फोटो काढले आणि खडा पाकिटात घालून पाकिटावर लिहिलं. मग तिथेच स्टुलावर बसून त्याने रिपोर्ट लिहायला घेतला. “बाहेरून झालेला आघात,” तो लिहितालिहिता पुटपुटला. मग मान वर करून म्हणाला, “तुम्ही आधी कुठे होतात?”

“तुमच्यासारख्यांचे रिपोर्ट वाचायच्या खुर्चीत.”

तो पहिल्यांदाच हसला. जाताना ॲप्रन घडी करून ठेवून गेला.

आठवडाभरात मंजुरीचं पत्र आलं आणि नवी काचही आली. काचबाईने वन्संना सकाळीच बोलावलं. दार आतून झटकून, पुसून, खाचेतल्या रबरात अडकलेले शेवटचे कण ब्रशने काढून तिने सगळं तयार ठेवलं होतं. पण अशी काच उतरवायला चार हात लागतात आणि नवरा नेमका एका बंद पडलेल्या टेम्पोमागे गेला होता.

“तुम्ही धराल का पलीकडून?” तिने विचारलं.

“काय करायचं?”

“काही नाही. काच तिरकी आत जाईल, मी म्हणेन तेव्हा सरळ करायची. ओढायची नाही, ढकलायची नाही. तिला तिची जागा सापडू द्यायची.”

वन्संनी हातमोजे चढवले आणि काचेची कड धरली. काचबाईने पाहिलं, त्या हातांना किंचितही कंप नव्हता. काच फटीतून उतरली, वळली, दोन्ही बाजूंच्या रबरात शिरली आणि खालच्या पकडीत अलगद टेकली. काचबाईने स्क्रू आवळले.

“हात पक्का आहे तुमचा,” ती म्हणाली.

“तीस वर्षं लोकांच्या शिरा शोधतेय,” वन्सं म्हणाल्या. त्यांना ते बोलणं आवडलं होतं, पण ते कबूल करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. “माझ्या हाताखालच्या नव्या पोरी सुई खुपसतात. त्यांना कळतच नाही की थांबायचंही असतं.”

“मी तीन काचा फोडल्या तेव्हा कळलं.”

वन्संनी एकेक करून हातमोजे उतरवले. मग म्हणाल्या, “तू खुर्ची सोडलीस तेव्हा मला वाटलं होतं, भावाने तुला राबायला आणलं. मी त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते.”

काचबाईच्या हातातला पाना थबकला. सहा वर्षं ज्याला ती तुच्छता समजत होती, त्याच्या तळाशी हे होतं. “मला सांगायचं तरी!”

“तू विचारायचंस तरी!”

दोघी एकदमच हसल्या. काचबाईने पॅनल बसवलं, क्लिपा तळव्याने एकेक दाबून बंद केल्या आणि किल्ली वन्संच्या हातात दिली. वन्संनी गाडीत बसून काच खाली घेतली, वर घेतली, पुन्हा खाली. दहा वेळा तरी. आवाज नाही, अडखळणं नाही. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, कुणा आजींना इंजेक्शन द्यायची वेळ झाली होती.

त्या महिन्यात आणखी तीन नर्स आपापल्या गाड्या घेऊन वर्कशॉपात आल्या. एकीची मागची काच खाचेतून सुटली होती, दुसरीच्या समोरच्या काचेला तडा गेला होता, आणि तिसरीच्या काचेला काहीच झालेलं नव्हतं. ती म्हणाली, “मोठ्या सिस्टरांनी सांगितलंय, पॉलिसी घेऊन जा आणि माझ्या भावजयीकडून एकदा वाचून घे.”

काचबाईने हात पुसले, स्टूल पुढे सरकवलं आणि पॉलिसीचं पहिलं पान उघडलं.