शिवकांताकाकूंची पाच गावं

रंगाच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला शिवकांताकाकू आधी पाणी विचारायच्या आणि मग त्याच्याशी भांडायच्या. कोणता रंग देऊ, म्हटलं की लातूरचं निम्मं गिऱ्हाईक एकच उत्तर द्यायचं, सगळे लावतेत तोच द्या. झालं! काढलेला डबा काकू परत फळीवर ठेवत. "तुम्हाला सगळ्यांच्या घरात राहायचंय का तुमच्या?" असं तोंडावर विचारत. गिऱ्हाईक कधी हसायचं, कधी तणतणत समोरच्या दुकानात जायचं. काकूंना दोन्ही सारखंच. नवरा गेल्यावर हे दुकान त्यांनी एकटीनं ओढलं, एकुलत्या एका महेशला शिकवलं आणि मग त्याच गादीवर आणून बसवलं.

माझं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. मी यात्रा काढते. काशी, रामेश्वर, तिरुपती, झालंच तर चारधाम. एका दुपारी काकू येऊन माझ्या बाकावर बसल्या आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. रंग कंपनीच्या माणसानं त्यांना कसलासा व्हिडिओ पाठवला होता. समुद्राच्या कड्यावर एकाला एक चिकटलेली घरं, एक गुलाबी, एक पिवळं, एक शेंदरी, आणि खाली निळंशार पाणी. इटलीतली पाच गावं होती ती, ओळीनं वसलेली.

"वैशे, तुझी गाडी इथवर जाती का?" काकूंनी विचारलं.

मला वाटलं, चेष्टा चाललीय. मी म्हटलं, जाते की, फक्त मधे समुद्र लागतो. काकू हसल्या नाहीत. गुडघे अजून चालतेत तोवर जायचंय, म्हणाल्या, पुढचं कोणी सांगावं. तेव्हा मला कळलं की बाई खरंच बोलतेय.

मी आपली धंद्याची सवय म्हणून एका मोठ्या कंपनीची सहल दाखवली. सकाळी एक शहर, संध्याकाळी दुसरं, जेवायला डाळभात, सोबत सगळी आपलीच माणसं. काकूंनी तो कागद पंख्यासारखा हलवून वारा घेतला आणि परत दिला. "तुझ्या यात्रेत बाया देवाला शिवतेत अन् पळत गाडीत येऊन बसतेत. मला शिवून यायचं न्हाई, बसून यायचंय."

मग आमचं सुरू झालं. त्या पाचांपैकी एका गावात खोली धरायची, तिथूनच रेल्वेनं बाकीच्या गावांना जायचं, दमलं की त्या दिवशी कुठंच जायचं नाही, असं ठरलं. नकाशा फळीवर पसरून काकू गावं अशी निवडत, जशी बाजारात वांगी. हे लई चढणीचं, नको. इथं पाण्याला लागून बसायला जागा हाय, हे धर. मी आयुष्यभर माणसं देवाला पोचवली, पण कोणासाठी नुसतं बसायचं ठिकाण शोधलं नव्हतं. खरं सांगते, मला त्यात इतकी गोडी लागली की माझ्या तिरुपतीच्या गाडीकडे दुर्लक्ष व्हायला लागलं.

पुण्याच्या व्हिसाच्या ऑफिसात मीच त्यांना घेऊन गेले. खिडकीतल्या पोरीनं विचारलं, तिकडे कोण आहे तुमचं? आपल्याकडच्या आया परदेशी जातात त्या लेकीच्या बाळंतपणाला, नातवाला न्हाऊ घालायला. काकू सरळ म्हणाल्या, "तिथं माझं कोणी न्हाई. म्हणून तर चालले." पोरीनं कागद ठेवून घेतले. व्हिसा मिळाला.

घरी मात्र महेशचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगा वाईट नाही. पण समाजात वावर, चार ठिकाणी मान, आणि विधवा आई एकटी समुद्रकिनारी हिंडायला निघालेली! त्यानं काशीला स्वतः न्यायची तयारी दाखवली. काकूंनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि म्हणाल्या, "देव गळ्यात बांधून फिरते मी. ह्याला भेटायला काशीला कामून जाऊ? अन् मी निघाले की ह्यो बी येतोच की इटलीला." आम्हा लिंगायतांचा देव तो, जन्मभर गळ्यातच असतो. महेश तिथून उठून माझ्याकडे आला. ताई, व्हिसा रद्द झाला म्हणून सांगा तिला, म्हणून विनवायला लागला. मला संताप आला. खोटं बोलायचं तर स्वतःच्या तोंडानं बोल, मी म्हटलं.

आणि पठ्ठ्या बोलला! आईला नाही, पाहुण्यांना. आई काशीला चाललीय म्हणून सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी काकूंची ओसरी बायकांनी भरली. कोणी नारळ आणला, कोणी खण. देवणीच्या वन्सं, म्हणजे काकूंची थोरली नणंद, पहिल्या गाडीनं आल्या होत्या. त्यांनी काकूंच्या तळहातावर एक रुपया ठेवला, वर आपला हात दाबला आणि डोळे पुसत म्हणाल्या, माझ्याच्यानं काही आता काशी होत नाही, माझ्या नावानं गंगेत टाक.

काकूंनी महेशकडे पाहिलं. तो दाराची कडी चाचपत उभा होता. मला वाटलं, काकू वेळ मारून नेतील. एका रुपयाचा तर प्रश्न. घेऊन टाकला असता तर सगळं सुखानं पार पडलं असतं, पोराची लाज राहिली असती, वन्संचं मन राहिलं असतं. काकूंनी तो रुपया वन्संच्या हातात परत दिला.

"वन्सं, मी गंगेला न्हाई चालले. इटलीला चालले, फिरायला. तुम्ही एवढ्या भरवशानं दिलेला रुपया मी लबाडीनं कसा घेऊ?"

मग वन्संनी तोंड सोडलं. भावाच्या माघारी घराण्याची अब्रू वेशीला टांगलीस, म्हणाल्या. पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवणार न्हाई, म्हणाल्या, आणि चहा न घेता निघून गेल्या. महेशनं जाहीर केलं की विमानतळावर सोडायला तो येणार नाही. "नको येऊस," काकू म्हणाल्या, "हैदराबादला बस जाती." त्या बसमध्ये मीच त्यांना बसवलं. खिडकीशी बसल्यावर त्यांनी इष्टलिंग मुठीत घट्ट धरलं. पण उतरू का, असं काही त्यांनी विचारलं नाही.

तिकडून त्यांचा फोन यायचा. घरांचे रंग खाऱ्या वाऱ्यानं पोपडे धरलेत, तरी लई गोड दिसतेत, म्हणायच्या. गुडघे बोंब मारतेत, पण समुद्र दिसला की गप बसतेत. दिवसभर पाण्याकाठी बसून असते, कोणी उठ म्हणत न्हाई. आल्यावर त्यांनी वन्संना किती वेळा फोन लावला, पण वन्संनी एकदाही उचलला नाही.

दोन वर्षांनी काकू झोपेतच गेल्या. शिवगणाराधनेच्या, म्हणजे आमच्यात मयतानंतर घालतात त्या जेवणाच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. कोपऱ्यात देवणीच्या वन्सं बसल्या होत्या. स्वतःचाच बोल मोडून त्याच दारात आल्या होत्या. समाजातले एक पुढारी बोलायला उठले. माउलीनं कष्टानं दुकान उभं केलं, मुलाला घडवलं आणि आयुष्याच्या शेवटी काशीयात्रा करून जन्माचं सार्थक केलं, म्हणाले. मी महेशकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण माझ्या आधी वन्सं काठी टेकत उभ्या राहिल्या.

"जित्तेपणी ती काशीला गेली न्हाई," त्या म्हणाल्या. "आता मेल्यावर तिला तिथं धाडू नका."

पुढारी गोंधळून महेशकडे बघायला लागले. सगळा मांडवच त्याच्याकडे बघत होता. महेश उठला आणि त्यांच्या हातातून माईक घेतला.

"आई इटलीला गेली होती," तो म्हणाला. "फिरायला."