काळ्या मातीची भिंत

देवीच्या समया चिंचेनं घासायला घेतल्या होत्या. एक लख्ख झाली, दुसरीला नुसती चिंच चोळून ठेवली होती, तेवढ्यात चिमणाबाई मागच्या परड्याच्या दारानं आत आली. नेहमी ती बाहेरूनच "वैनी, हायसा का?" म्हणून हाक घालते. आज हाक नाही, काही नाही. चुलीपाशी भुईवरच बसली आणि पदर तोंडावर ओढून घेतला. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. आज तिच्याकडं कागलचे पाहुणे घर बघायला आलेले, तिच्या पोराच्या, बाळासोच्या लग्नाची बोलणी चाललेली, आणि ही यजमानीण माझ्या चुलीपाशी येऊन बसलेली. मी समई तशीच ठेवली.

दिवेलागणीनंतर देवापुढं बसून या वहीत चार ओळी लिहायचा माझा नेम आहे. आज चार ओळींत भागायचं नाही.

चिमणाबाई पिराजीची बायको. त्यांचं परडं आमच्या परड्याला लागून. सोमवार असो की सण, अंगण सारवून रांगोळी घातल्याशिवाय तिनं कधी तोंडात पाणी घेतलं नाही. पण तिचं नाव झालं ते पश्चिमेच्या भिंतीमुळं. आमच्याकडं पावसाची झड पश्चिमेकडून येते. आषाढ-श्रावण सरला की गल्लीतल्या सगळ्यांच्या भिंती त्या अंगानं खरजेनं उठल्यासारख्या दिसतात. हिची भिंत मात्र दसऱ्याआधीच शेणमातीनं लिंपलेली, वर चुन्याचा हात, खाली कावेची तांबडी पट्टी. येणारा-जाणारा थबकून बघायचा.

बायका तिला आपल्या भिंती दाखवायला न्यायच्या. ती बोटाच्या पेरानं भिंतीवर ठोकायची आणि कान देऊन ऐकायची. केसाएवढी भेग असली तर शेणकाला बोटानं भर आणि गप बस, म्हणायची. आवाज पोकळ आला, किंवा भिंतीला खालच्या अंगानं पोट आलं, किंवा दिवाळी झाली तरी ओल जात नसली, तर मात्र वरून लिंपू नको, सगळं खरवडून काढ. आतलं सुटलेलं वरच्या लेपानं धरत नाही, असं तिचं सांगणं. माझ्या न्हाणीची भिंत तिच्याच सांगण्यावरून मी उतरवली, आणि तेव्हापासून ती भिंत कशी धडधाकट उभी आहे.

पिराजी या भिंतीच्या जोरावर गल्लीत बोलायचा. तालमीच्या कट्ट्यावर बसून दुसऱ्याच्या घराकडं बोट दाखवायचा आणि म्हणायचा, अमक्याच्या भिंतीला देवी आल्यात, तमक्याच्या भिंतीला म्हातारपण आलंय. लोक हसायचे. माणूस वाईट नाही, पण स्वतःच्या घराविषयी आणि रानाविषयी बोलायला लागला की त्याला थांबवणं कठीण.

तर आज सकाळी मुलीकडचे, कागलचे गणपतराव आणि त्यांची म्हातारी आई शालूबाई, असे दोघे बैलगाडीनं आले. गाडी भिंतीच्या कडेला सोडली, पाणी-गूळ झालं. पिराजीनं पाहुण्यांना बाहेर आणून भिंतच दाखवायला घेतली. तो बोलत असतानाच मोकळ्या सोडलेल्या बैलानं अंग खाजवायला म्हणून भिंतीला पाठ लावली आणि दोनदा घासली. धप् करून दारापासून कोपऱ्यापर्यंतचा वरचा गिलावा खाली आला. बैल बाजूला झाला, धूळ बसली, आणि आत सालीवर साल दिसायला लागली. दर वर्षाचा लेप, त्यावर चुना, त्यावर पुढच्या वर्षाचा लेप.

गणपतराव हसून म्हणाले, "पावणं, तुमच्या भिंतीनं एकावर एक लुगडीच नेसल्यात की."

पिराजीचा चेहरा उतरला. एवढी वर्षं जे तोंड दुसऱ्यांच्या भिंतींवर चाललं, तेच आज बायकोवर वळलं. ही नुसती शेण थापत बसती, भिंत भिजवून भिजवून हिनंच नासवली, बाईमाणसाला काय कळतंय, असं तो पाहुण्यांसमोर आणि गोळा झालेल्या आम्हा शेजाऱ्यांसमोर बोलला. चिमणाबाई खाली बसून मातीची ढेपं गोळा करीत होती. तिनं मान वर केली नाही.

शालूबाई म्हातारी तोंडाची तिखट. ती तिच्याकडं बघून म्हणाली, "आमची पोर कामाला भ्यायची न्हाई. पर असलं झाकायचं तिला शिकवू नगा म्हंजे झालं."

मग मायलेक अंबाबाईच्या दर्शनाला गेले. दर्शन करून जेवायलाच परत येतो म्हणाले. मी घरी येऊन समया घेतल्या, आणि सगळे पांगल्यावर चिमणाबाई उठली ती माझ्याकडं आली.

मी तिला पाणी दिलं. ती प्याली नाही. मी म्हटलं, पिराजीनं असं बोलायला नको होतं, लिंपण्यानं कुठं भिंत नासते? तेव्हा ती बोलायला लागली.

प्लेगात सगळं गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलं होतं. परतताना तिच्या घरचे सर्वांत आधी आले, गल्ली अजून ओस होती. पश्चिमेची भिंत पावसानं उघडी पडलेली. गिलाव्याला सगळे जुन्या गावठाणाची पांढरी माती आणतात. पिराजीनं आणली नाही. माझ्या रानात सोन्यासारखी माती असताना लोकाची कशाला, म्हणून त्यानं शेतातली काळी माती गाडीनं आणली आणि स्वतःच्या हातानं भिंतीला थापली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. पण रानात चालतं ते घरालाही चालेल असं त्याला वाटलं, कारण माती त्याची होती. पहिल्याच उन्हाळ्यात भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. चिमणाबाईनं ती शेणानं भरली, वरून लिंपलं, चुना दिला. पुढच्या वर्षी परत. गल्ली भरली तेव्हा वरून पांढरी भिंत दिसत होती. आत काय आहे, कुणाला कळलं नाही.

"दरसाल ठोकून बघत हुते की," ती म्हणाली. "पोकळच वाजायची. म्या बाकीच्यांना सांगायची, उतरवा म्हणून. माजी उतरवायची म्हंजे आतली काळी माती बाहेर येणार. मग कट्ट्यावर त्येंच्या तोंडाकडं कोण बघंल?"

मी म्हटलं, मग आत्ता पाहुण्यांना सांग, दोष तुझा नाही म्हणून.

"दोष माजा न्हाई कसा? ती म्हातारी बोलली ते खोटं हाय व्हय? झाकलंच की म्या." मग म्हणाली, "पोराचं लगीन मोडलं तर मोडू दे, वैनी. पर उद्या ती पोर घरात आली, आणि मला तिच्याम्होरं ह्याच भिंतीला शेण लावावं लागलं, तर मी कसं तोंड दाखवू?"

यावर मी अंबाबाईचं नाव घेतलं, एवढंच. ती उठली, माझ्या परड्यातलं खुरपं मागून घेतलं आणि गेली.

मी मागोमाग गेले. तिनं पदर खोचला आणि भर दुपारी, गल्लीच्या देखत, भिंत खरवडायला सुरुवात केली. पिराजी आतून ओरडत बाहेर आला, पाहुणे यायची वेळ झाली, खुळी झालीस का, म्हणून. ती थांबली नाही. चुना, शेण, चुना, शेण, आणि मग आतून काळं निघायला लागलं. ढीग मोठा होत गेला. पिराजीनं त्या ढिगाकडं बघितलं आणि त्याचं ओरडणं बंद झालं. बाळासो दारात उभा होता, तो कधी बापाकडं बघत होता, कधी आईकडं.

तेवढ्यात मायलेक प्रसादाचा नारळ घेऊन परत आले. गणपतरावांनी ढिगातलं एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं, सोडलं. शेतकरी माणूस, त्यांना बघायला वेळ लागला नाही.

"ही रानातली काळी हाय. भिंतीला कुणी लावली?"

मी चिमणाबाईकडं बघितलं. तिचं खुरपं भिंतीतच रुतलेलं. तिनं डोळे मिटून घेतले होते, आणि मला वाटलं, ती आता माझंच काम म्हणून सांगून टाकणार.

"म्या लावली," पिराजी म्हणाला. "रान माजं, माती माजी. तिनं आजवर झाकून नेलं."

एवढं बोलून तो आत गेला आणि ताटावर बसलाच नाही. बाळासोनं पाहुण्यांना वाढलं. गणपतराव जेवले. त्यांना परत हसू आलं नाही. मला वाटलं होतं चिमणाबाईला आता बरं वाटेल. पण नवरा चारचौघांत खाली बघून बोलला, ते तिला सकाळच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. भाकरी थापताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती धुराला शिव्या देत होती.

गाडी जुंपल्यावर शालूबाई खाली उतरली. उघड्या भिंतीवर तिनं तळवा फिरवला. होय म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. चिमणाबाईला एवढंच विचारलं, "परत गिलावा कवा करणार?"

"पांढरी माती मिळाली की लगेच."

"झाल्यावर निरोप धाडा. मी येऊन ठोकून बघंन," म्हातारी म्हणाली आणि गाडीत बसली.

आता रात्री तिच्या घरात दिवा आहे, पण बोलणं ऐकू येत नाही. पिराजी आज कट्ट्यावर गेला नाही. अंबाबाई त्या दोघांना एकमेकांकडं बघायचं बळ देवो. उद्या सकाळी चिमणाबाई मातीवाल्या सयाजीकडं जाऊन पांढरी माती आणायला गाढवं सांगून येणार आहे.