युसुफभाई आणि आमच्या चर्चचा आवाज

युसुफभाई कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवत आणि मान तिरपी करून ती विझेपर्यंत ऐकत. लोहाऱ्याच्या आमच्या चर्चमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा मी पेटी वाजवत होते. मला वाटलं, माझंच कौतुक चाललंय. मी मान लववून आभारही मानले. जेमतेम बासष्टची होते, अल्लड वय.

रेडिओ, भोंगे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मशिदीचा भोंगा, विहारातली वंदना, लग्नाचे मांडव, सगळ्यांचे गळे त्यांच्या हाताखालून गेलेले. आम्ही त्यांना बोलावलं ते माझ्या थोरल्या बहिणीपायी. माईला अर्धांगवायू झाला आणि ती मुकुटबनला लेकाकडे खाटेवर पडली. जन्मभर जिने एक रविवार चुकवला नाही, तिच्यासाठी आम्ही चर्चमधली रविवारची भक्ती मोबाइलवरून थेट दाखवू लागलो. तिसऱ्याच रविवारी तिचा फोन आला, "बंद कर व ते. पाळक बोलून राह्यले का पिठाची गिरणी चालू हाय, काई समजत नाही." तिचा लेक म्हणाला, आता भक्तीच्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून पडते.

गिरणी मीच चालू केली होती. आवाज लांब जावा म्हणून मोबाइल मी स्पीकरच्या तोंडाशी स्टुलावर ठेवायची आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळायची. शिवाय पाळकांच्या माइकला झालरीची लोकरी टोपी विणून घातली होती. तिचा मला फार अभिमान.

युसुफभाईंनी ती टोपी दोन बोटांनी उचलली. "बाई, माइकले थंडी वाजत व्हती काय?"

मी फुगले. "आवाज मोठा नको का? मुकुटबन काय जवळ आहे?"

"तिथवर मोबाइल जाते, तुमाले ओरडाचं काम नाही. मोठा पायजे का साफ पायजे, तेवढं सांगा."

हे त्यांचं पालुपद. त्यांनी माइकच्या मशीनमधून मोबाइलला सरळ वायर जोडली आणि पाळकांचं बोलणं सुधारलं. गाणी मात्र घुमतच राहिली. "पत्रा अन् उघड्या भिंती," ते म्हणाले, "गानं गिळत नाहीत, वापस फेकतात."

कापसाला भाव नव्हता ते साल. सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या सणाला मंडळीने वाहिलेला कापूस लिलावात कोणी उचललाच नाही. पाळकांच्या खोलीत त्याचा ढीग पडून होता.

"हा कायले ठेवला?"

"भाव येईपर्यंत."

"भाव येईन तवा येईन. तवरोक कामाले लावू."

आम्ही बायकांनी पोती भरली. मी पायाने ठासत होते, तर म्हणाले, "बाई, आवाजाले शिराले जागा ठेवा ना." पोत्यांना जुन्या साड्या गुंडाळून भिंतींना टांगलं. साठवलेल्या कापसाची खाज मात्र आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. तरी मी टांगताना विसरले. त्या रविवारी अख्खी मंडळी खाजवत होती. पाळकांनी आशीर्वादाला एकच हात उचलला, दुसरा पाठीवर गुंतला होता.

भक्ती सुटली आणि माईचा फोन आला. युसुफभाईंना ऐकू जावं म्हणून मी तो मोठ्याने लावला.

"आज प्रार्थना शब्दन् शब्द समजली. मी बी संगं म्हटली." मग माई म्हणाली, "अन् तू अजून सगळ्यांच्या आधीच आमेन म्हनतं."

मी काही म्हणणार, तोच युसुफभाई फोनवर वाकून विचारतात, "माई, बायकांच्या बाजूचं कसं येऊन राह्यलं?"

"जरासं फुटते."

"मले बी तेच वाटलं," म्हणाले आणि खुशीत पेचकस काढून बसले. पुढे दर रविवारी ते आधी माईला फोन करायचे, मग मला सलाम. ती दीड वर्षं ऐकत होती. भिंतीकडे तोंड तिने पुन्हा केलं नाही. एका रविवारची भक्ती पुरी ऐकली आणि सोमवारी गेली.

यवतमाळात मोठमोठी चर्चं असतील. आमचा आवाज ऐकायला मात्र नागपूरहून लोक येऊन गेले. चर्चच्या वाढदिवसाला आम्ही युसुफभाईंना शाल पांघरली. त्यांनी ती खांद्यावरून काढली, चिमटीत धरून पाहिली. "जाडी चांगली हाय," म्हणाले आणि पाळकांचं भाषण चालू असतानाच स्टूल घेऊन बायकांच्या बाजूच्या कोपऱ्यात गेले.

"अहो, ती तुमच्यासाठी आहे," मी म्हटलं.

तोंडात खिळे धरून ते म्हणाले, "माई सांगून गेल्या ना बाई. इथंच फुटते."