येतानाचं वजन

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी माझ्या कमरेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला, पेनाच्या टोकानं मणक्यांमधली एक जागा दाखवली आणि म्हणाले, "ही गादी सरकली आहे, बाई. सायकल बंद."

"किती दिवस?"

"दिवस कसले? बंद म्हणजे बंद."

मी गोळ्यांचा कागद घडी करून पिशवीत टाकला. बाहेर येऊन स्टँडवर चहा पिताना नवऱ्याला म्हटलं, "त्यायले गादी दिसली. माह्यी गावं नाई दिसली."

मी कोंबड्या-बकऱ्यांना लस टोचते. अकरा वर्षं झाली. धानोऱ्याच्या बाजूची सात गावं माझ्याकडे आहेत. चार डांबरी रस्त्याला लागून आणि तीन नाल्यापलीकडे, जंगलात. लस बर्फाच्या निळ्या डब्यात न्यावी लागते आणि उजाडायच्या सुमाराला पोचावं लागतं. कोंबड्या डालग्याखाली झाकलेल्या असतात तोवरच हाती लागतात, एकदा मोकळ्या सुटल्या की दिवसभर पळा त्यांच्यामागे. मी पलीकडे लस न्यायला लागायच्या आधीच्या वर्षी तिथं मानमोडी आली होती. माना वाकड्या करून कोंबड्या पडल्या आणि आठवडाभरात अंगणंच्या अंगणं मुकी झाली. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून हा डबा मला कोणाच्या हाती द्यायचा नव्हता.

पण आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडमना कमरेचं कळलंच. त्यांचा फोन आला. "महिनाभर बघते. नाही जमलं तर डबा दुसरीला देऊ. ती रस्त्यावरची चार गावं करेल."

"आन पल्याडची तीन?"

"बघू."

बघू म्हणजे नाही, हे अकरा वर्षांत मला चांगलं कळलंय. माझं डोकं असं फिरलं! फोन ठेवून मी अंगणातली बादली लाथेनं उडवली, आणि त्याच लाथेनं कमरेत अशी कळ गेली की तिथंच बसले.

नवरा म्हणाला, "स्कूटी घे. सारा तालुका स्कूटीवर फिरून राह्यला."

शेजारणीची स्कूटी मागून आणली. डांबरावर बरी चालली. जंगलाच्या पायवाटेवर मुळ्यांवरून ती अशी आदळत होती की जुनी सायकल बरी म्हणायची वेळ आली, आणि नाल्यावर तर खेळच खलास. तिथं पूल नाही. दोन ओंडके टाकलेत, माणसानं चालायचे. गाडी खालून, गुडघाभर पाण्यातून, गोट्यांवरून उचलून न्यायची. स्कूटी उचलायला चार माणसं लागली असती, तिथं मी एकटी आणि माझी कंबर. परत आले.

त्याच आठवड्यात मोबाईलवर एक सायकल दिसली. पुढच्या चाकाला शॉकअप, मागच्या चाकालाही शॉकअप, आणि वर बॅटरीची मोटर. कोणीतरी डोंगरातून, दगडांवरून ती हाणत होता आणि त्याचं बूड जागचं हलत नव्हतं. मी नवऱ्याला दाखवलं. तो हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

"पन्नाशीत सर्कस करतेस का वो? वडसाची नाटक कंपनी घेईल तुले."

"घेऊ द्या ना. पैले सायकल घ्याची आहे."

"पैसे?"

"माह्या बकऱ्या माह्याच आहेत," मी म्हटलं. चार बकऱ्या विकल्या, भिशी उचलली. जमलं तेवढं बजेट. त्याच्या पुढं एक रुपयाही नव्हता, आणि नवऱ्याकडे मागायचा नाही ही माझी जिद्द.

चंद्रपूरला दुकान होतं. दोघं गेलो. दुकानदार तरणा, हसतमुख, पण बोलायचा सगळं नवऱ्याशी. "भाऊ, वहिनींसाठी हे बघा, पुढं बास्केट येते. कलरपण छान आहे."

"भाऊले काय सांगता? भाऊ बैलबंडी चालवते. मले सांगा."

तो जरा वरमला. मग त्यानं दोन्हीकडे शॉकअपवाली नवीकोरी सायकल काढली. मागं लालभडक स्प्रिंग, चकाचक. बजेटमध्ये अगदी बसत होती, बॅटरी नवी, वर्षाची गॅरंटी. नवरा तर खूशच झाला. मला मात्र ती स्प्रिंग काही पटेना. बकरी घेताना आम्ही तिचं तोंड बघत नाही, बरगडीच्या मागं पाठीवर हात दाबून बघतो, मांस आहे की नुसतं हाड. मी सीटवर हात ठेवून अंगाचा भार टाकला. स्प्रिंग हललीच नाही. आणखी जोर लावला तर एकदम खाली गेली आणि टणकन वर आली.

"चालवून पाह्यतो," मी म्हटलं. "मांगं ते बांधकामाचे गोटे पडले आहेत, त्याच्यावरून."

"बाई, ट्रायल रोडवर असते."

"माह्या गावाले रोड असता तर मी तुमच्या दुकानात आली असती काऊन?"

डबा मी घरून आणलाच होता. त्यात फडकं अंथरून सहा अंडी ठेवली होती. लेकरू बांधतात तसा डबा पाठीशी बांधला आणि गोट्यांवरून एक चक्कर मारली. उतरून झाकण काढलं. चार अंडी फुटली होती. दुकानदार बघतच राहिला. "बाई, ही सायकल अंड्यांसाठी नाही."

"माह्यी कंबर अंड्याहून नाजूक झाली आहे. दुसरी दाखवा."

दुसरी कोपऱ्यात धूळ खात होती. खाणीतला कोणी साहेब बदली होऊन जाताना विकून गेलेला. रंग उडालेला, सीट फाटलेली. पण मागं हवेचा शॉकअप होता. स्प्रिंगच्या जागी हवा, बारक्या पंपानं भरायची, बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे कमीजास्त. हात दाबला तर खाली गेली आणि सावकाश वर आली, टणटण नाही. ब्रेक बोटभर दाबला की चाक जागच्या जागी. खोट एकच, बॅटरी जुनी. नवीएवढं अंतर ती जाणार नव्हती, दुकानदारानं हे प्रामाणिकपणे सांगितलं. किंमत त्या लाल स्प्रिंगवालीएवढीच.

शेजारच्या किराणा दुकानातनं नवी सहा अंडी आणायला नवऱ्याला पाठवलं. तो बडबडत गेला, पण गेला. पुन्हा तेच गोटे, तीच चक्कर. एकच अंडं तडकलं, आणि ते आणतानाच तडकलेलं होतं असं मी आजही म्हणते.

"नवी घे," नवरा म्हणाला. "जुनी बॅटरी म्हंजे म्हातारा बैल. रस्त्यात बसते."

दुकानदारही म्हणाला, "बाई, गॅरंटीचं बघा."

"बॅटरी संपली तर पायडल मारीन," मी म्हटलं. "कंबर संपली तर काय मारू?"

जुनीच घेतली. दुकानदारानं माझं वजन विचारलं. मी सांगितलं, लाजायचं काय त्यात? डब्याचंही सांगितलं. त्यानं तेवढ्या वजनाला हवा बसवून दिली. तो छोटा पंप वेगळा विकत होता. मी म्हटलं, नको, माझं वजन काही रोज बदलत नाही. कॅरियर तिला बसतच नव्हतं. ते आमच्या गावच्या वेल्डरनं लोखंडी पट्ट्यांचं करून दिलं, मागच्या चाकाला न धरता सीटखालच्या नळीला, म्हणजे डबाही शॉकअपवर बसतो.

पहिल्या दिवशी पहाटे निघाले. काय सांगू! धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावरच्या पायवाटेनं, मोहाच्या झाडांखालून, मुळ्यांवरून ती सायकल अशी गेली की मी एकटीच मोठ्यानं हसले. चढावर मोटरचा बारीक आवाज, बास. नाल्यावर किल्ली फिरवून बॅटरी काढली, ती आणि डबा आधी ओंडक्यावरून पलीकडे ठेवला, मग हलकी झालेली सायकल ढकलत, टेकवत पाण्यातून नेली. कंबर कुरकुरली, पण ओरडली नाही. पलीकडच्या गावात बाया अंगणात उभ्याच होत्या. "आली वो कोंबडीवाली बाई!" डालगी उचलत, टोचत, घरोघर फिरले. बर्फ अजून शिल्लक होता.

आणि मग माझी चूक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या गावातून कोणी रिकाम्या हातानं परत जात नाही. लस टोचणारी तर नाहीच. ती रिकामी गेली तर लस लागत नाही, अशी तिथली समजूत. एका घरानं कोहळं दिलं, आमच्याकडे तांबड्या भोपळ्याला म्हणतात ते, मोठं, दोन्ही हातांनी उचलावं असं. दुसऱ्यानं पायलीभर तांदूळ. तिसऱ्यानं मोहफुलं. एका म्हाताऱ्या बाईनं पाय बांधलेली जिवंत कोंबडी हँडलला अडकवली आणि वर म्हणाली, "हे तुह्यीच टोचलेली आहे. जगली म्हनून देतो."

नाही कसं म्हणायचं? अकरा वर्षं हे सगळं लादूनच आणत होते मी. पण चंद्रपूरला त्या दुकानात, अंडी फोडून, साऱ्या जगाला शहाणपण शिकवून, मी वजन सांगितलं ते जातानाचं. येतानाचं सांगितलंच नाही!

परतताना सायकल मागून बसलेली. पहिल्या मोठ्या मुळीवर शॉकअप खालपर्यंत आपटला, धाड्! कमरेतून पायापर्यंत वीज गेली. कोंबडी किंचाळली, मीही किंचाळले. पुढं हळूहळू आणली, आणि ओझ्यानं बॅटरीनंही अर्ध्या वाटेत मान टाकली. दुपारच्या उन्हात मी ती ढकलत डांबरी रस्त्याला आणली. नवरा बंडी घेऊन उभा होता. तोंडावर हसू.

"म्हातारा बैल बसला?"

"बैल चांगला आहे," मी म्हटलं. "जुंपनारीचं चुकलं."

रात्रभर पालथी पडून राहिले. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. दुखण्याचं होतं आणि रागाचंही, पण राग स्वतःवर. सकाळी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "बाई, येताना एवढं आणता हे सांगायचं ना! पंप घेऊन जा." नवऱ्यानं चंद्रपूरची एसटी धरली आणि तो वीतभर लांबीचा पंप आणून माझ्या उशाशी ठेवला. त्याचे पैसे मी त्याला दिले. त्यानं घेतलेही, पण किती वाकडं तोंड करून!

आता माझी पद्धत ठरली. जाताना हवा कमी. गावातून निघताना ओझं बांधून झालं की सायकलीशेजारी बसायचं आणि पंप मारायचा. बाया भोवती जमतात, मोजतात, हसतात. कोंबडी बांधली की चार झटके, कोहळं असलं की पंधरा. बॅटरीचं म्हणाल तर जाताना सपाट वाटेवर मोटर बंद ठेवते आणि येतानासाठी राखते. कंबर बरी झाली का? नाही झाली. डॉक्टर भेटले तर पुन्हा तेच म्हणतील. पण दुखते ती माझी, आणि तिला कुठं न्यायची ते मी ठरवीन.

महिना भरला आणि मॅडम मला गाठायला पहाटेच जीपनं आल्या. सोबत एक नवी मुलगी, नीट इस्त्रीची साडी, बिचारी घाबरलेली. ती चार गावं करणार होती. त्यांना मी घरी सापडले नाही, म्हणून जीप डांबरावर ठेवून, माग काढत त्या चालत नाल्यापर्यंत आल्या. मी सायकल पलीकडे काढून बॅटरी बसवत होते.

"बाई, थांबा! डबा द्यायचाय आज."

"लस आहे त्याच्यात, मॅडम. बर्फ वितळून राह्यला. येता का संग? ओंडक्यावरून या."

मॅडमनी ओंडक्याकडे पाहिलं, स्वतःच्या सँडलकडे पाहिलं. "तुम्ही या लवकर. मी इथं थांबते."

मी तीन गावं केली. एकही घर सोडलं नाही, लवकरही केलं नाही. परत आले तेव्हा ऊन डोक्यावर चढलं होतं आणि मॅडम मोहाच्या सावलीत बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होत्या. मी नाल्यापलीकडे सामान उतरवलं. बॅटरी, डबा, तांदूळ, दोन कोंबड्या, कोहळं, एकेक करून ओंडक्यावरून आणलं. शेवटी सायकल आणली. अंग ओलं झालं होतं, कंबर ठणकत होती, पण त्यांच्यासमोर मी कमरेला हात लावला नाही. मुद्दामच लावला नाही.

नवी मुलगी हळूच म्हणाली, "बाई, इतकं रोज आणता?"

"देतात वो. नाई म्हनता येत नाई."

मॅडम उठल्या. दोन्ही हात पुढं केले. "आणा डबा."

मी डबा कॅरियरला बांधला, ट्यूबच्या दोरीच्या दोन गाठी मारल्या. मग कोहळं उचललं आणि त्यांच्या पसरलेल्या हातांत ठेवलं. जड होतं. त्यांना ते छातीशी धरावंच लागलं.

"घ्या," मी म्हटलं. "इथून कोनी रिकाम्या हातानं जात नाई."

आणि खाली बसून, कोहळ्याएवढी हवा शॉकअपमधून काढून टाकली.